टक्क

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्या मामेबहिणीसोबत, हिमानीसोबत खरंच घडलं आहे. गेल्या मे महिन्यात, नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात. तेही भर दुपारी.

हिमानीचं काम काचा तपासण्याचं. काचेवर केसाहूनही पातळ थर चढवलेला असतो. त्यावर लेझर मारायचा, ताकद वाढवत न्यायची. थर फाटला की 'टक्क' असा आवाज येतो आणि काचेवर डाग पडतो.

खोलीला खिडकी नाही. लेझर सुरू असेपर्यंत दारही उघडत नाही.

त्या दुपारी ती आत एकटीच होती.

टक्क...

तिनं काच पाहिली. डाग नव्हता.

टक्क... टक्क...

काच जशीच्या तशी.

तिनं लेझर बंद केला.

टक्क...

आता आवाज काचेतून येत नव्हता. तिच्या मागून येत होता.

ती दाराकडे धावली. दार उघडेना. लेझर बंद होता, तरी उघडेना! ती दोन्ही हातांनी दार बडवू लागली.

"आत कोण आहे?" बाहेरून सौरवचा आवाज आला. तो तिच्याच विभागातला.

"सौरव, दार उघड गा! मी आतमध्ये अटकली!"

"मी म्हणजे कोण?"

"अरे, हिमानी!"

बाहेर सौरव हसला.

"मजाक नको करू. हिमानी इथं माझ्या बाजूले बसून चहा पिऊन राहिली."

आणि मग तिला बाहेरून एक आवाज ऐकू आला...

"काहून गा सौरव, कोण आहे आत?"

तो तिचाच आवाज होता.

हिमानी दारापासून एक पाऊल मागे सरली.

टक्क... अगदी कानाशी.

तेवढ्यात दार आपोआप उघडलं. ती बाहेर कोसळली.

समोर सौरव एकटाच. चेहरा पांढराफटक. टेबलावर दोन कप, दोन्हींतून वाफ निघत होती.

"ती कुठं गेली?" हिमानीनं विचारलं.

"आत... दार उघडलं तशी तुह्या बाजूनंच आत गेली वं. तुले दिसली नाही?"

खोलीत कोणीच नव्हतं.

हिमानीनं नोकरी सोडली. सध्या ती आमच्याकडेच राहते. हसते, बोलते, जेवते.

मागच्या आठवड्यात मी सौरवला गाठलं. तो हळूच म्हणाला,

"दोघी एकसारख्याच होत्या. बाहेर एकच राहिली. कोणती राहिली, हे मले अजून समजलं नाही."

हे लिहितेय तेव्हा हिमानी शेजारच्या खोलीत आहे.

तिनं आत्ताच मला हाक मारली...

मी अजून ओ दिलेली नाही.