ताईचं घंटेवालं गाणं

"नको रे शेखर... आज सणाचा दिवस आहे, नको लावूस ते!"

उज्वलाच्या हातातलं ओवाळणीचं ताट कललं, निरांजनाची ज्योत आडवी झाली आणि सुपारी घरंगळत सोफ्याखाली गेली. पाटावर टोपी घालून बसलेला तिचा धाकटा भाऊ शेखर मोबाइल हातात धरून तिच्याकडे बघतच राहिला. गंगापूर रोडवरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये ती दर भाऊबीजेला सातपूरहून यायची, ओवाळायची, दोन घास खायची आणि निघायची. तीस वर्षांत तिने भावासमोर आवाज म्हणून चढवला नव्हता!

"का नको ताई? तू दवाखान्यात होतीस तेव्हा आधार कार्डासाठी मी तुझी ट्रंक उघडली. बिस्किटांच्या डब्यात दादांची कॅसेट होती, तुटलेली. पुण्याच्या एका माणसाने ती जोडून आज सकाळी मोबाइलवर पाठवली. मी अजून ऐकली नाही, आईसोबत ऐकायची म्हणून थांबलो. तू तिच्यात तुझं गाणं भरलंस, ते भरलंस. पण मागे कुठे दादांचा आवाज राहिला असेल की नाही?"

"तिला काय विचारतो?" खिडकीजवळच्या खुर्चीतून मालनबाई, त्यांची आई, म्हणाली. "जिनं बापाचा आवाज पुसला, तिला कशाला हवाय तो? लाव तू!"

उज्वलाने ताट खाली टेकवलं. ती आपल्या अपराधाला भितेय असंच दोघांना वाटत होतं... आणि वाटू दे, तसंच वाटत राहू दे, एवढ्यासाठीच तर तिने आयुष्य घालवलं होतं!

एकोणीस वर्षांची होती ती तेव्हा. मेन रोडवरचा एक दुकानदार कोऱ्या कॅसेटमध्ये परदेशी गाणी भरून द्यायचा. रेव्ह, टेक्नो, हिपहॉप, असलं काहीबाही. गाण्यांची खरी नावं तिला कधी कळली नाहीत, म्हणून तिने आपलीच ठेवली होती. एक वाफेवालं, एक भांडकुदळ. भांडकुदळ हे हिपहॉपचं. त्यातला गडी ठेक्यावर असा तावातावाने बोलायचा, की एक शब्द न कळता त्याचीच बाजू खरी वाटावी. पण तिचा जीव जडला होता तो घंटेवाल्यावर! आधी एक बारीक घंटा, तिच्याखाली हळूहळू चढत जाणारा ढोल, आणि सगळं ऐन भरात आलं की तो ढोल अचानक थांबायचा... नुसती घंटा! तिथे उज्वलाचा श्वास दर वेळी अडकायचा. मग ढोल परत यायचा, आणि हरवलेलं सगळं कुणीतरी ओंजळीत आणून घातल्यासारखे तिचे डोळे भरून यायचे. गाण्यात एक शब्द नाही आणि ही पोरगी रडते, याचं मालनबाईला भारी नवल. ती त्याला सरळ धिंगाणा म्हणायची.

दादा सातपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर, पत्रा ठोकून आकार देणाऱ्या यंत्रावर होते. नवा टेपरेकॉर्डर आणला त्या रविवारी त्यांनी सगळ्यांना समोर बसवून घरच्यांचे आवाज भरले, आणि ते कुणी पुसू नयेत म्हणून कॅसेटच्या पाठची बारीक खिट्टी मोडून टाकली. ती मोडली, की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. कॅसेटवर नाव घालायचं मात्र राहून गेलं. वर्षाच्या आत दादा वारले.

पुढच्या सर्वपित्री अमावस्येला पान वाढून झालं, कावळा शिवला, आणि आता त्यांचे दोन शब्द ऐकावेत म्हणून मालनबाईने कॅसेट लावली... तर घरात घंटा वाजली! तिच्याखाली ढोल! त्या बाईने झाकण उघडून कॅसेट अशी ओरबाडून काढली, की फीत आत अडकून तटकन तुटली.

"तुझ्या धिंगाण्यानं माझ्या कुंकवाचा आवाज खाल्ला गं, अवदसे!"

उज्वलाने तर त्या कॅसेटला हातही लावला नव्हता. ती खाली बसून फीत गोळा करू लागली आणि तिला दिसलं, मोडलेल्या खिट्टीच्या भोकात कागदाची घडी कोंबली होती. चौकटीचा कागद, गणिताच्या वहीतला! अकरा वर्षांचा शेखर त्या वेळी शाळेत होता. आणि भोकात कागद कोंबला की जुनी कॅसेट पुन्हा भरता येते, ही विद्या त्याला शिकवली होती कुणी? तिनेच!

दादा गेल्यापासून तो पोर झोपेत त्यांना हाका मारायचा. आपल्याच हाताने त्यांचा आवाज गेला, हे कळलं तर त्याचं काय होईल? तिने ती घडी मुठीत लपवली.

"हो आई," ती म्हणाली, "मीच भरलं."

त्या वर्षीच्या भाऊबीजेच्या आधी शेखर दोन दिवस घरभर काहीतरी शोधत होता. काय शोधतोस ते सांगेना, आणि शेवटी हिरमुसून त्याने ताईच्या ताटात एक रुमाल घातला. उज्वलाने सगळ्या कॅसेट त्या दुकानदाराला नेऊन दिल्या आणि विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. तारेचे वेढे मोजत तिने भावाला इंजिनिअर केलं, आलेली स्थळं परतवली, आणि तिच्यापासून तुटक होत गेलेल्या त्या भावाला दर वर्षी न चुकता ओवाळलं. गाणं पुन्हा ऐकलं नाही. कधीतरी मशीन एका लयीत आली, की पाय आपोआप ठेका धरायचा. मग ती पाय बदलून उभी राहायची.

शेखरने बटण दाबलं.

घंटा! उज्वलाने डोळे मिटले. फीत चुरगळली होती म्हणून आवाज मधेच बुडायचा, पुन्हा वर यायचा. ढोल चढला, थांबला, परत आला... गाणं संपलं, आणि खरखरीतून एक कोवळा, घाईघाईचा आवाज आला:

"ताई, हे तुझं घंटेवालं. माझ्या वर्गातल्या अविनाशच्या भावाच्या कॅसेटवरून मी स्वतः भरलं. भाऊबीजेची ओवाळणी! रडू नको हां. सहावी ब मधून, शेखर!"

शेखरचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही... ही तर माझी कॅसेट! मी कोरी समजून... ताई, मी पुसला दादांचा आवाज? आणि तू... तीस वर्षं?"

"लहान होतास रे," उज्वला कशीबशी म्हणाली. "तुझा काय दोष? मला गाणं द्यायला गेलास."

"आणि मी तुझ्याशी कसा वागलो गं!" तो पाटावरून उठला आणि लहान पोरासारखा तिच्या कुशीत शिरून हुंदके देऊ लागला. मोबाइल बंद करायचं कुणालाच भान नव्हतं, आणि तेवढ्यात तो खट्‌ करून पुन्हा बोलू लागला.

"...हां, आता उजूचा नंबर. बोल की! लाजती कशाला? बरं, नको बोलू, तुझं ते घंटेवालं लाव. मालन, तू गप गं, धिंगाणा काय म्हणती! आमच्या प्रेसवर असाच ठेका बसतो, लय भारी वाटतं मला. लाव उजू... मोठ्यानं लाव!"

मग नुसती खरखर.

उज्वलाला वाटलं, छातीवरची शिळा कुणीतरी अलगद उचलली. दादांना आवडायचं ते! हे ती विसरूनच गेली होती... अपराधाचं ओझं वाहता वाहता तेवढं एक सुख मागे सांडून गेलं होतं!

मालनबाई भिंतीला धरून उठली. लेकीच्या तोंडावरून तिने सुरकुतलेला हात फिरवला.

"माझ्यामुळंच झालं गं पोरी... तोडली असती का मी फीत, जरा पुढं ऐकलं असतं तर! इतकी वर्षं तुला धड जेवलीस का म्हणून विचारलं नाही मी."

"विचार की मग आता."

"जेवलीस का गं?" म्हातारी म्हणाली आणि दोघी रडता रडता हसल्या.

शेखरने सोफ्याखालून सुपारी काढली, टोपी नीट केली आणि पुन्हा पाटावर बसला. उज्वलाने ओवाळलं. त्याने ताटात काही घालण्याआधीच ती म्हणाली, "ओवाळणी पोचली रे. जरा उशिराच पोचली, एवढंच."

"शेखर, लाव परत," मालनबाई म्हणाली.

"दादांचं?"

"ते लावशीलच. आधी तिचं लाव. मोठ्यानं लाव म्हणाले ना ते!"

शेखरने आवाज वाढवला. घंटा घरभर घुमली, ढोल चढत गेला, खिडकीच्या काचा थरथरल्या... आणि ऐन भरात ढोल थांबला. मालनबाईने घाबरून लेकीचा हात पकडला.

"बंद पडलं का गं?"

"नाही आई," उज्वला म्हणाली. तिचा श्वास तिथेच अडकला होता. "थांब जरा... येतोय."

आणि ढोल परत आला.