गाणारी बाजरी

रविवारी सकाळी साडेआठ वाजता हसनाबादमध्ये वसंताकाकांनी आजोबांचं कपाट रिकामं केलं. दोन पोती गाण्यांच्या कॅसेट आणि एक पोतं सिनेमांच्या सीड्या भंगाराच्या गाड्यावर चढल्या. आजोबा म्हणजे अण्णासाहेब, गावातले निवृत्त शिक्षक. ते त्या वेळी जालन्याला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते.

बुधवारी त्यांचा फोन आला. जुन्या जालन्याहून उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेली त्यांची नात भावना फोनवर होती.

"भावना, हिरव्या कव्हरची कॅसेट काढून ठेव गं. कमरबीच्या गाण्याची. टेपरेकॉर्डर दुरुस्त झालाय, आता सालेहाला ऐकवू. उद्या संध्याकाळी येतोय मी!"

भावनाने काकांकडे पाहिलं. काका हातवारे करत होते, "हो म्हण! हो म्हण!"

"आजोबा, काका हो म्हणतायत," भावना म्हणाली आणि फोन ठेवला.

दारात सालेहा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

कमरबी म्हणजे शेजारच्या सालेहाची दादी. एके काळी हसनाबादमध्ये तिच्या ढोलकीशिवाय लग्न होत नसे. मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती फक्त कुजबुजते, तेही तोंडाजवळ कान नेला तरच कळतं. सालेहाचा जन्म त्यानंतरचा. दादीचा आवाज तिने एकदाही ऐकलेला नव्हता. तो आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्या हिरव्या कॅसेटमध्ये.

"काका, कॅसेट कुठाय?" भावनाचा मोठा भाऊ प्रितम म्हणाला.

"अरे, एका कॅसेटचं काय घेऊन बसलात! आता सगळं मोबाईलवर असतं. कोणतंही गाणं सांगा, दोन सेकंदांत लावतो."

"मग माझ्या दादीचं लावा," सालेहा म्हणाली.

काकांनी मोबाईल खिशात घातला आणि भंगार राजूर रस्त्यावरच्या महेमूदचाचांनी नेल्याचं सांगून टाकलं.

पुढच्या पाच मिनिटांत तीन सायकली राजूरच्या रस्त्याला लागल्या होत्या.

महेमूदचाचांचं भंगाराचं दुकान पत्र्याच्या शेडमध्ये होतं. कॅसेटचा ढीग कोपऱ्यातच पडला होता. हिरवं कव्हरही वरच दिसत होतं!

"सापडली!" सालेहा ओरडली.

प्रितमने कॅसेट उचलली, हलवली आणि उजेडात धरली. आत काहीच नव्हतं. त्याने दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्या रिकाम्या! दोन पोती कॅसेट, आणि एकीच्याही पोटात टेप नाही.

"चाचा, यांच्यातली पट्टी कुठं गेली?"

"पट्टी?" महेमूदचाचा तराजू पुसत म्हणाले. "प्लास्टिकवाला पट्टी लेताच नहीं. मी सगळी ओढून काढली. परवा एक जण मोटारसायकलवर आल्ता. बोला, चाचा, मेरेकू होना. मी म्हटलं, ले जा!"

"कशाला हवी होती त्याला?"

"मैंने पूछाच नहीं. मी फुकट देऊन राह्यलो, तो नेऊन राह्यला. बात खतम!"

"कुणीकडे गेला?"

चाचांनी तराजूनेच माळाकडे बोट दाखवल्यासारखं केलं.

"वेडाच दिसतोय," प्रितम पॅडल मारत म्हणाला. "चांगल्या डब्या ठेवल्या आणि आतडी नेली!"

"शी! आतडी काय म्हणतोस?" भावना ओरडली. तेवढ्यात सालेहाने करकचून ब्रेक दाबला.

रस्त्याकडेच्या बाभळीच्या काट्यावर तपकिरी पट्टीचा तुकडा चमकत होता. थोडं पुढे आणखी एक. मग पायवाटेच्या वळणावर तिसरा. मोटारसायकलवरच्या गठ्ठ्याने वाटेत खुणा सोडल्या होत्या. मुलं त्या खुणांमागे माळ चढली.

आवाज आधी आला, शेत नंतर दिसलं.

तो आवाज कशाचा हे तिघांनाही सांगता येईना. मोटारीचा नव्हता, माश्यांचा नव्हता. जमिनीतून येतोय की आभाळातून, तेही कळेना. वारा वाढला की तो चढायचा, वारा पडला की खाली यायचा.

टेकाड ओलांडलं आणि खाली एकच हिरवा तुकडा दिसला. मे महिना होता. चहूकडे नांगरलेली काळी ढेकळं. मध्ये विहिरीच्या पाण्यावरची उन्हाळी बाजरी, कणसं दाण्याने भरलेली. आणि बाजरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, खुंट्याखुंट्यांना ताणून बांधलेल्या पट्ट्या! ओळीमागून ओळी! उन्हात सगळ्या एकदम लखलखत होत्या आणि वाऱ्यात थरथरत एकाच सुरात घुमत होत्या. आजोबांनी आयुष्यभर जमवलेली सगळी गाणी तिथे उघड्यावर उभी होती.

पाखरांचा एक थवा खाली झेपावला. पट्ट्यांजवळ येताच तो काचेवर आपटल्यासारखा वळला आणि निघून गेला.

"बाप रे!" प्रितम हळूच म्हणाला.

"ए पोरांनो! पट्टीला हात लावू नका!" बांधावरून एक माणूस धावत आला. शेत त्याचंच होतं. नाव कल्याण.

"मामा, ही पट्टी आमच्या आजोबांची आहे," भावना म्हणाली. "यातल्या एकीत हिच्या दादीचा आवाज आहे."

"असंल. पण आता ती बाजरीची राखण करून राह्यली. सगळ्या शिवारात हिरवं दुसरं काय हाय, सांगा बरं? पट्टी सैल केली की वाजत न्हाई. वाजली न्हाई की पाखरं आलीच. सांजच्याला कणसाला दाणा राहायचा न्हाई!"

बोलणं खोटं नव्हतं. प्रितम डोकं खाजवू लागला.

"मामा, आम्ही एका वेळी एकच ओळ सैल करू. तोवर पाखरं हाकलायला माणूस दिला तर?"

"या उन्हात? कोण येतंय?"

"आहे एक," भावना म्हणाली. "एकदम मोकळा आहे. सध्या नुसता मोबाईल बघतोय." आणि तिने कल्याणमामांचा फोन मागून नंबर लावला. "काका? आजोबांना उद्या काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. नाहीतर राजूर रस्त्याच्या माळावर या. येताना टेपरेकॉर्डर, नवे सेल आणि आजीची मोठी परात आणा!"

अर्ध्या तासात वसंताकाका डोक्याला टॉवेल बांधून बाजरीच्या कडेला उभे होते आणि परात बडवत होते.

"जोरात, काका! पाखरं हसतायत तुम्हाला!" भावना म्हणाली.

"घरी चल, मग दाखवतो तुला!" काका ओरडले, पण परात थांबली नाही.

प्रितमने टेपरेकॉर्डरचं झाकण काढलं. पहिल्या ओळीचं टोक सैल करून पट्टी आतल्या रबरी चाकाखाली सरकवली आणि बटण दाबलं. चाक फिरलं. पट्टीची दोन्ही टोकं खुंट्यांना बांधलेली, त्यामुळे पट्टी पुढे येईना. मग टेपरेकॉर्डरच पट्टीवरून पुढे सरकू लागला! प्रितम तो हातांत धरून मुंगीच्या पावलांनी चालू लागला. पुढे सालेहा पट्टीचे पीळ सोडवत होती.

आणि बाजरीत आवाज फुटला. "उंsssव... श्याप... ऊर्र..."

"ही कुठली भाषा?" भावना दचकली.

"उलटं चाललंय! दुसऱ्या टोकाकडून या!" प्रितम म्हणाला.

दुसऱ्या टोकाकडून आले तर भीमगीतांचा कोरस निघाला, टाळ्यांसकट. पुढच्या ओळीत हार्मोनियम. त्याच्या पुढे एका सिनेमातला खलनायक गडगडाटी हसला, तशी कल्याणमामांची शेळी दावं तोडून पळाली. प्रत्येक ओळीत एक वेगळीच मैफल उभी होती आणि बाहेरून ऐकलं तर सगळ्यांचा मिळून तोच एक घुमणारा सूर!

ऊन कललं तेव्हा विहिरीजवळच्या ओळीत तरुणपणीचे आजोबा बोलले, "हं, कमरबी, करा सुरू."

"ठैरो तो मास्तर! पानी तो पीने दो!" एक खणखणीत आवाज आला. मागोमाग हसू. मग ढोलकीवर थाप.

सालेहाचे हात जागच्या जागी थांबले. पट्टीला पीळ पडला, आवाज दबला.

"थांबू नकोस! सोडवत राहा!" प्रितम ओरडला.

"पानी भरने गई मैं, घडा मेरा हँस पडा,
अगे माँ, घडा मेरा हँस पडा!"

आवाज बाजरीतून चालत निघाला. कणसांवरून, विहिरीवरून, माळावर. बहिणीने विचारलं, घडा का हसला? नणंदेने विचारलं, घडा का हसला? परात कधी थांबली ते काकांना कळलं नाही. पाखरं खाली उतरली, ते कल्याणमामांनाही दिसलं नाही.

"सास पूछी, बोल बहू, घडा तेरा क्यों हँसा?" ढोलकीवर जोरदार थाप पडली आणि पट्टी संपली. पुढे गाठ होती. गाठीपलीकडे बातम्या चालू होत्या.

गुरुवारी संध्याकाळी काळा चष्मा लावून आजोबा आले. सापडलेली पट्टी मुलांनी त्याच हिरव्या कॅसेटमध्ये पुन्हा गुंडाळली होती. कमरबीला अंगणात खुर्चीवर बसवलं. प्रितमने बटण दाबलं.

पहिल्या थापेला कमरबीने पदर सावरला. दुसऱ्या थापेला तिची बोटं गुडघ्यावर पडू लागली. मग तिचे ओठ हलू लागले, नेमके गाण्याबरोबर. आवाज टेबलावरून येत होता आणि शब्द इथे, या ओठांवर उमटत होते. सालेहा एकदा टेपकडे बघायची, एकदा दादीकडे. तिने दादीच्या गळ्यावर हलकेच बोट टेकवलं. आत काहीतरी थरथरत होतं.

गाणं तुटलं.

"शाब्बास रे पोरांनो!" आजोबा म्हणाले. "डॉक्टरांनी वाकू नका सांगितलंय, नाहीतर पाठी थोपटल्या असत्या. वसंता, माझ्या वतीने तू थोपट."

"हात वर होत नाहीत, अण्णा," काका म्हणाले. "परात फार जड होती."

सालेहा दादीच्या कानाशी गेली. "दादी, घडा क्यों हँसा?"

कमरबी पुढे वाकली. सगळ्यांनी कान दिले. तिने ओठ उघडले, नातीकडे पाहिलं आणि गालात हसली.

"ढूंढो," ती कुजबुजली.

गाण्याचा उरलेला तुकडा शोधत शनिवारी संध्याकाळपर्यंत शेतातल्या अर्ध्या ओळी ऐकून झाल्या होत्या. बाजरीची कापणी कल्याणमामांनी चार दिवस पुढे ढकलली आहे. रोज दुपारी ते स्वतःच विचारतात, "कळलं का मंग?" पण घडा का हसला, ते अजून कुणालाही कळलेलं नाही.