फळ्यावरचं पहिलं वाक्य

पावणेतीनला ऋतिका मैना भोईरच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि हे तिचं तिलाच कळलं नव्हतं.

“मैनाताई, माझी फाइल चोरीला गेली. पाच वाजता मानकोलीला इंटरव्ह्यू हाय. ओरिजिनल कागद नसले तर गेटच्या आतसुद्धा घेणार न्हायत.”

मैना लग्नाआधीच्या चौकशा करायची. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं जमलं होतं का, असल्या गोष्टी ती भाजी निवडताना काढून घ्यायची. कागदांची चोरी मात्र तिच्याकडे पहिल्यांदाच आली होती. तिनं पायांत चपला सरकवल्या आणि बाहेर रिक्षात पेंगणाऱ्या चुलतभावाला हाक मारली.

“दौलत, काढ रिक्षा.”

“ताई, थांब की गं जरा. काल शुक्रवार, कारखाने बंद, दिवसभर माश्या मारल्या. आज कुठं शिफ्ट सुटताना पाशिंजर मिळतील...”

“ही पोरगी तुझ्या क्लासची ना?”

दौलतनं वळून पाहिलं आणि निमूट किक मारली. नेत्रा मॅडमच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला तो चार महिने जात होता. वर्गात सगळ्यांत मोठा तोच, आणि सगळ्यांत मागेही तोच.

वाटेत ऋतिकानं सांगितलं ते असं. ती अंबाडीकडची, क्लासात शिकता शिकता लहान मुलांची बॅचही घेणारी. बाप, राघो, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा. घराचं छप्पर गळतं, म्हणून मार्कशीट आणि दाखले तिनं लाल प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून शुक्रवारी बारा वाजता क्लासच्या कपाटात ठेवले. आज सकाळी दहाला पाहते तर फाइल गायब. कुलूप मात्र जागच्या जागी. दुपारपर्यंत घरी-क्लासात शोधून झालं.

“किल्ली?”

“फळ्याशेजारी खिळ्याला असते. सगळ्यांना माहीत हाय.”

“संशय कुणावर?”

“भूपेश. जागा एकच हाय आणि तोही इंटरव्ह्यूला जातोय.”

निजामपुऱ्याच्या गल्लीत शिरले तसा कापड विणणाऱ्या लूमांचा खडखडाट कानांवर आदळू लागला. शेजारीच चोवीस लूमांचा कारखाना. दौलतनं ओरडून घर दाखवलं. खाली मॅडम आणि त्यांची सासू राहायच्या. वर क्लासची खोली आणि पत्र्याची गच्ची.

आक्का, म्हणजे सासूबाई, जिन्याच्या पायथ्याशी सूप घेऊन बसल्या होत्या. मैना त्यांच्याजवळ टेकली आणि खडे वेचू लागली.

“आक्का, काल दुपारी वर कोण गेलं?” तिला ओरडूनच विचारावं लागलं.

“बारापासून चारपर्यंत मी हितंच. डोळाच लागला न्हाय बघ मैने. कानांना कायतरी चुकल्यासारखं वाटत होतं. तो भूपेश आला. एका हातात ती टोपी, दुसऱ्या हातात गाडीची चावी फिरवत, शीळ घालत उतरला.”

“टोपी म्हणजे हेल्मेट,” दौलतनं खुलासा केला.

“आणखी कोण?”

“दुसरं कोण? नेत्रा. बादलीभर ओले कपडे वर नेले न् ओलेच खाली आणले. म्हणते दोरी तुटली.” आक्कांनी सूप झटकलं. “ओल्या कपड्यांचं मला कळतं.”

“आणि चारनंतर?”

“खोलीला कुलूप. चावी रातभर माझ्या उशाखाली. सकाळी ह्या पोरीसमोरच उघडलं.”

वर भूपेश टाय बांधायचा तिसरा प्रयत्न करत होता. मैनाला पाहून तो उसळलाच.

“मी नाही घेतली. हेल्मेट विसरलो होतो, ते घेतलं नि निघालो. आक्का खाली पाखडत होत्या, सुपाचा आवाज वर येत होता. एवढं ऐकू येत असताना मी कपाट उघडीन?”

“ती गेली नाही तर जागा तुझी.”

“तिच्यासमोर माझं काही होत नाही, ठाऊक आहे मला. पण तिचे कागद चोरून जिंकलो, हे घरी कुठल्या तोंडाने सांगू?”

मैना गच्चीवर गेली. घामानं भिजलेला रुमाल तिनं दोरीवर टाकला आणि परत येऊन फळ्यासमोर उभी राहिली. फळा इंग्रजीनं भरला होता.

“वाच रे.”

दौलतची छाती फुगली. या घरात मैनाला न येणारं काहीतरी त्याला येत होतं. “आज मॅडमनी ‘कुडन्ट’ शिकवलं. म्हणजे काल जे करता आलं नाही ते. पहिलं वाक्य मॅडमचं, मग आमची. ‘आय कुडन्ट स्टार्ट माय बाइक’, हे भूपेशचं. ‘आय कुडन्ट गेट पॅसेंजर्स’, हे माझं.”

“पहिलं?”

“‘आय कुडन्ट हिअर एनिथिंग यस्टरडे बिकॉज ऑफ द लूम्स.’ लूमांमुळे काल मला काही ऐकू आलं नाही. ते तर मी वहीत पाच वेळा उतरवलंय.”

“म्हणजे फळा नव्हे, सबबींची यादी आहे,” मैना म्हणाली. पण ती हसत नव्हती.

नेत्रा मॅडम चहा घेऊन आल्या. ऋतिकाच्या हातात कप देताना त्यांचा हात तिच्या खांद्यावर जरा रेंगाळला. “मी दुपारभर खाली स्वयंपाकघरात होते, मैनाताई. वर कोण आलं-गेलं, कळणं शक्यच नव्हतं. शेजारी हा धडधडाट.”

भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच कमी होती. ऋतिका उठत होती, बसत होती, परत उठत होती.

“आक्कांना वर बोलाव,” मैना दौलतला म्हणाली.

आक्का गुडघ्यांवर हात टेकत वर आल्या. मैनानं खिडकी लावून घेतली. आवाज जरा उणावला.

“दौलत, काल रिक्षा रिकामी का होती?”

“सांगितलं ना, शुक्रवार. कारखाने...” दौलत बोलता बोलता थांबला. पाच वेळा उतरवलेलं वाक्य त्याच्या डोळ्यांपुढून सरकलं.

“बंद,” मैनानं पुरं केलं. “म्हणून आक्कांचा डोळा लागला नाही. जन्मभर त्या आवाजात झोपलेल्या बाईला शांतता टोचते. म्हणून सुपाचा आवाज भूपेशला वर ऐकू आला. मग मॅडम, तुम्हालाच तेवढे लूम ऐकू आले?”

मॅडमनी ट्रे खाली ठेवला.

“मी... सवयीनं बोलले असेन.”

“सवयीनंच. इथं उधारीवाला आला, सासूनं हाक मारली, मास्तरांनी विचारलं, सगळ्यांना एकच उत्तर: लूम चालू होते. आपण हे इतकं बोलतो की बोलणाऱ्याला वार आठवत नाही आणि ऐकणाऱ्याला खटकत नाही. सगळ्या वर्गानं मुकाट उतरवून घेतलं. पण नुसतं त्यावर मी बोट दाखवलं नसतं. फाइल मोठी. भूपेशचे दोन्ही हात आक्कांनी पाहिलेत. उरली बादली. दोरी तुटली म्हणून कपडे ओलेच खाली आले. पण दौलत, माझा रुमाल कुठाय?”

“दोरीवर,” दौलत म्हणाला आणि मग त्याला स्वतःचंच म्हणणं ऐकू आलं. दोरीला कुठे गाठसुद्धा नव्हती.

“फाइल प्लास्टिकची. वर ओले कपडे पडले तरी आतल्या कागदाला थेंब लागणार नाही.”

मॅडम खाली गेल्या. तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज काही आला नाही, लूम होते. पण वर आणलेल्या लाल फाइलला तांदळाची पांढरी भुकटी लागलेली होती.

“पाचनंतर परत देणार होते,” त्या म्हणाल्या. “ही गेली की लहान मुलांची बॅच बंद. मुलं माझ्याकडे नाही, हिच्याकडे येतात. आणि... मलाही एकदा नोकरीचं बोलावणं आलं होतं. ठाण्याला, ऑफिसात. मला जाता आलं नाही.”

“का?” ऋतिकानं विचारलं.

मॅडमनी आक्कांकडे पाहिलं. आक्का भिंतीकडे पाहत म्हणाल्या, “तिची एकच चांगली साडी होती. त्या दिवशी सकाळीच मी ती भिजत घातली.”

कपाटाची किल्ली खिळ्यावरून काढून ऋतिकानं मुठीत धरली.

“मॅडम, लहान मुलांची बॅच मी रविवारी येऊन घेईन. पण किल्ली माझ्याकडे राहील.”

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आक्कांनी आपल्या पायांतल्या चपला काढून तिच्यापुढे सरकवल्या. “तुटकी घालून जाऊ नको, बाय. माझ्या घाल.”

भूपेशनं टायचा नाद सोडून तो खिशात कोंबला. “रिक्षात मला जागा आहे का? बाइक आजही चालू होत नाहीये.”

“बस मागं,” ऋतिका म्हणाली. “पण फाइल माझ्या मांडीवर.”

निघताना दौलतनं मागे वळून पाहिलं. मॅडमनी फळ्यावरचं पहिलं वाक्य पुसलं होतं आणि तिथं तीनच शब्द लिहिले होते.

“काय लिहिलं रे?” जिन्यात मैनानं विचारलं.

दौलतनं आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता भाषांतर केलं. “मला जाता आलं नाही.”

मैना कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरली. मग म्हणाली, “हिला जाऊ दे. किक मार.”