एकादशीचे हिंगाष्टक

सह्याद्रीच्या धारेवर वसलेल्या सोनकडा गडाच्या बुरुजांवर पहाटेचा उजेड उतरू लागला, तेव्हा खाली खोऱ्यात वेढा देऊन बसलेल्या पातशाही फौजेच्या राहुट्यांतून धूर निघत होता, आणि वर महालात किल्लेदारांच्या पत्नी गोजराबाई आपल्या धन्याच्या उशाशी पिकदाणी धरून उभ्या होत्या. गलिमाच्या तोफांपुढे ज्यांनी कधी पाऊल मागे घेतले नाही, त्या बाळोजीराव घोगऱ्यांना आंबट ढेकरांनी आणि पोटातल्या गुबाऱ्याने पार जेरीस आणले होते.

गडावरचा जो येई तो वैद्य होई. कुणी शिळे गोमूत्र पाजले, कुणी बेंबीवर बिब्बा घालून कातडी सोलवटली, कुणा शहाण्याने कबुतराची विष्ठा उगाळून पोटाला लेप दिला. महालाला अशी घाण सुटली होती, की बाईंना अन्नावर वासना उरली नव्हती. त्याहून शिसारी त्यांना येई ती सल्ला देणाऱ्यांच्या तोंडांची, कारण उपाय फसला की हीच माणसे पथ्य मोडल्याचा ठपका रावांवर ठेवून मोकळी होत.

गुण आला तो एकट्या विसाजीपंतांच्या, गडाच्या सबनिसांच्या, हिंगाष्टक चूर्णाने. तुपात कालवून ते घेतले, की रावांचे पोट निवे आणि डोळे मिटत. हल्ली तर डोळे दिवसाही मिटलेले असत. तटावर फेरी नाही, शिबंदीची विचारपूस नाही, तोंडातून लाळ गळते आहे त्याचेही भान नाही. बरे वाटेपर्यंत दरवाजांच्या किल्ल्या पंतांच्या हवाली कराव्यात, असे रावांनी कालच बोलून टाकले होते, आणि आज सदरेवर ते व्हायचे होते.

सदर भरली. किल्ल्यांचा जुडगा तबकात घालून गादीपुढे ठेवला गेला. पंतांनी रिवाजाप्रमाणे आधी औषधाची चांदीची डबी उघडली. गडाचा शिरस्ता असा, की औषध देणाऱ्याने ते आधी स्वतः चाखावे. पण धन्याला उष्टे कसे द्यायचे? म्हणून डबीला मध्ये पडदी असे. अलीकडचा कप्पा चाखण्याचा, पलीकडचा दुखणेकऱ्याचा. आता चाखणाऱ्याचा कप्पाच निराळा, तर चाखण्याला अर्थ काय राहिला, हे त्या सोवळ्याओवळ्याच्या नादात एकाही शहाण्याच्या टाळक्यात शिरले नव्हते. पंतांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि मिटक्या मारीत गिळली.

बाई चपापल्या. आज एकादशी होती. हिंगात पीठ मिसळलेले असते म्हणून एकादशीला हिंगाचा वास लागलेल्या भांड्यातले पाणीसुद्धा न पिणारे विसाजीपंत आज हिंगाष्टक गिळून बसले होते, आणि कपाळावर आठी नव्हती. म्हणजे त्यांच्या कप्प्यात हिंग नव्हताच; मग पलीकडच्या कप्प्यात तरी काय होते?

"पंत, आज उपास ना आपला?" बाईंनी विचारले. "हिंग चालला?"

पंत हसले. "औषधाला विधिनिषेध नसतो, बाईसाहेब."

सदरेने मान डोलावली. बाईंनी पलीकडच्या कप्प्यातली चिमूट घेण्यास सांगितले, तर धन्याच्या वाट्याला हात लावणे हा अधर्म, असे पंतांनी लगेच ऐकवले. रावांना तेवढी वटवट सोसवेना. त्यांचा डोळा तुपाच्या वाटीवर होता. बाईंनी आत जावे, सदरेची शोभा करू नये, असे ते जड जिभेने गुरगुरले.

बाई आत गेल्या नाहीत. त्यांनी डबी हिसकली, पलीकडचा कप्पा तळहातावर रिता केला आणि ती कडूजहर पूड साऱ्या सदरेदेखत तोंडात कोंबली. ओकारी आली, ती पाण्याच्या घोटाबरोबर मागे रेटली.

"हिंगाष्टक असेल तर माझे पोट साफ होईल," त्या म्हणाल्या. "नसेल, तर सदरेने डोळे उघडून बघावे. तोवर किल्ल्या इथून हलणार नाहीत."

जुडगा मांडीखाली घेऊन त्या बसल्या. उन्हे पायरीवरून खांबाला टेकली. बाई नाक खाजवू लागल्या, पापण्या लवल्या, शब्द लटपटले. मग मान कलली. रोज रावांची कलत असे, तशीच. अफू! शिबंदीचा हवालदार मानाजी ओळखून चुकला. पंत स्नानाचे निमित्त काढून उठत होते, त्यांच्या छातीला त्याने भाला टेकवला. त्या भाल्यापुढे पंतांनी सगळे ओकले: किल्ल्या हाती येताच दरवाजा उघडायचा होता, बदल्यात पातशाही जहागीर ठरली होती.

इकडे दासींनी बाईंना ओकारी काढणारा गेळफळाचा काढा पाजला, घशात बोटे घातली. सदरेच्या फरसावर हिरवापिवळा ओक पडला. सकाळी मान डोलावणारी मंडळी नाकाला उपरणी लावून दूर सरली. दासी मात्र बाईंना गालांवर चापट्या मारीत, पाय ओढीत, दिवस मावळून पुन्हा उजाडेपर्यंत फिरवीत राहिल्या.

पंतांचा कडेलोट झाला. मानाजीने दरवाजांवर दुहेरी पहारे बसवले. गड राहिला.

बाई शुद्धीवर आल्या तेव्हा तोंडात कडवट घाण होती आणि उशाशी बाळोजीराव बसले होते. त्यांचे नाक गळत होते, अंगाला कापरे होते. सकाळपासून हलले नाहीत, असे दासी कौतुकाने सांगत होती. रावांनी तिला बाहेर धाडले आणि बाईंचा हात हातात घेतला. बाईंना भरून आले.

राव कानाशी वाकले.

"पलीकडच्या कप्प्यातले," ते कुजबुजले, "सगळेच खाल्लेत का हो?"

बाईंनी हात सोडवून घेतला आणि पदराला पुसला.