सत्तावीस नंबरची आग

डोंगर वर पेटला होता आणि ड्रोन खाली तळ्यावर पाणी ओतत होतं.

द्वारकानं ते अंगणातून पाहिलं. पाण्यात पाणी पडत होतं. ड्रोन पुन्हा भरून आलं, पुन्हा तळ्यावरच रितं झालं. तोवर वत्सलाकाकूंच्या मधमाश्यांच्या पेट्या जळून गेल्या.

सकाळी ती आजोबांपुढे जाऊन बसली. रानातले संवेदक (ऊब आणि धूर ओळखणारी छोटी यंत्रं) त्यांनीच बसवले होते.

"ड्रोन बिघडलं होतं का?"

"नाही गं. सत्तावीस नंबरपाशी आग, असा निरोप आला. सत्तावीस तळ्याकाठी आहे. ते तिथंच गेलं."

"पण नंबर कशाला? प्रत्येक यंत्राला जन्माचा पत्ता असतो, असं तुम्हीच म्हणता."

"असतो. जगात दुसऱ्या कुणाचा तसा नसतो, पण आठ बाइट लांब (बाइट म्हणजे शून्य-एकच्या आठ खुणांचा गठ्ठा). निरोपात पाठवणाऱ्याचा पत्ता लागतो आणि घेणाऱ्याचाही. झाले सोळा. सांगायचं काय, तर ऊब किती. त्याला दोन बाइट पुरतात."

"चिमूटभर साखर द्यायला पोतं."

"आणि पोतं वाहायचं चिमुकल्या बॅटरीनं. यंत्र बोलतं तेव्हाच ती जास्त झिजते. म्हणून आपल्या रानापुरता छोटा पत्ता, दोन बाइटचा. तुला घरात कुणी पिनकोडसकट हाक मारतं का?"

"द्वारके म्हणतात. रागावले की द्वारकाबाई."

"घरात एकच द्वारका आहे म्हणून तेवढं भागतं. बाहेर निरोप धाडायचा झाला, तर आपलं मुख्य यंत्र लांब पत्ता जोडून देतं. छोट्या पत्त्याची अट एकच. रानात त्या नंबरचं दुसरं कुणी नको."

द्वारकानं वर जळक्या डोंगराकडे पाहिलं.

"आजोबा, आधीचं सत्तावीस काकूंच्या पेट्यांपाशी होतं."

होतं. वेलीनं त्याची सौरपट्टी झाकली आणि ते मुकं झालं. चढण अवघड, आजोबांचे गुडघे दुखरे. वर जाऊन न पाहताच त्यांनी ते गेलं असं धरलं. तळ्याकाठी नवं यंत्र बसवताना द्वारकानं हट्ट धरला होता, "आजी गेल्यावर तिचं नाव मला दिलंत. मग जुन्याचा नंबर नव्याला द्या." आजोबांना ते गोड वाटलं होतं.

"वेल मीच काढली." वत्सलाकाकू उंबऱ्याशी उभ्या होत्या. "पेट्यांना ऊन लागावं म्हणून."

आजोबांनी मान खाली घातली. "उन्हात ते जागं झालं, वत्सलाबाई. जुना नंबर त्याच्या आठवणीत होता. तो दुसऱ्याला दिलाय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं."

"म्हणजे हाक त्यानं मारली, आणि तुम्ही दुसऱ्याच्या दारी गेलात."

द्वारकानं पाट पुढे केला. काकू बसल्या नाहीत.

"आता नंबर मुदतीचा करतो," आजोबा हळू म्हणाले. "मुदत संपली की तो वापरायचा नाही. झोपलेलं यंत्र उठलं, की आधी लांब पत्ता सांगून नवा नंबर मागायचा. आणि गेलेल्याचा नंबर प्रत्यक्ष पाहून आल्याशिवाय कुणाला द्यायचा नाही."

"नियम चांगला आहे, भाऊ. माझ्या माश्यांसाठी उशिरा सुचला."

सोमवारी देवळात अभिषेक होता. दरवेळी मध काकूंच्या घरचा असे. यंदा तबकात दूध, दही, तूप, साखर होती. मधाची वाटी काकूंनी घासून पुसून रिकामीच ठेवली होती. विकतचा मध आणू का, असं विचारायचं धाडस गुरुजींचंही झालं नाही. द्वारकानं हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत.

अभिषेक आटोपल्यावर ती जळालेल्या सत्तावीसच्या जागी बसवायचं नवं यंत्र घेऊन काकूंच्या मागोमाग डोंगर चढली. काळ्या राखेत पेट्यांचे फक्त लोखंडी पाय उभे होते. यंत्रानं आपला लांब पत्ता सांगितला. मुख्य यंत्रानं त्याला कोराच नंबर दिला, आधी कुणाचाही नसलेला. द्वारकाच्या हातातल्या पडद्यावर आता एकच रकाना रिकामा होता : जागा.

"काकू, इथं काय लिहू?"

काकू राखेत वाकल्या. मग पदरानं लोखंडी पाय पुसत म्हणाल्या,

"पेट्या लिही."