सायकलची घंटी

ही गोष्ट खोटी वाटली तर खुशाल हसा. पण विवेक मेश्राम अजून मध्य प्रदेशातल्या बालाघाटातच राहतो. जमलं तर त्याच्यासमोर हसून दाखवा.

भुतं रात्रीच येतात असं ज्यानं कोणी ठरवलं, त्यानं इथली एप्रिलची दुपार पाहिलेली नाही. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. कूलरची घरघर तेवढी चालू असते.

गेल्या वर्षी अशाच एका दुपारी हे घडलं.

विवेकची आई तुळसाबाई लकव्यानं अंथरुणाला खिळली होती. वाचा गेलेली. फक्त उजवा हात चालायचा. विवेकनं वडिलांच्या जुन्या सायकलची घंटी तिच्या पलंगाला बांधून दिली होती. काही हवं असलं की ती वाजवायची.

त्याची बायको गीता परसवाड्याच्या शाळेत शिक्षिका. त्या सकाळी बससाठी निघताना ती म्हणाली, "गंजात पेज करून ठेवली. मायले वेळेवर पाजजा. त्या गेमच्या नादात विसरसान नाही तर."

"हौ ना बाप्पा! मी लहान आहो काय?"

लहान कसला, चाळिशीला टेकला होता. पण शाळेत असताना ज्या भुताच्या गेमनं त्याची झोप उडवली होती, तोच आता नव्या रूपात आला होता. तेच बंद पडलेलं इस्पितळ, तेच अंधारे वॉर्ड. पण चित्र नवं, आवाज नवा. हेडफोन घातले की पाण्याचा थेंब कोणत्या कानामागे पडला तेही कळायचं. बुवांनी त्यासाठी खास सुट्टी टाकली होती.

गीता गेली. विवेकनं आईच्या खोलीत डोकावलं.

झोपली होती.

असं त्याला वाटलं...

त्यानं हेडफोन चढवले. पडद्यावर लांबलचक व्हरांडा. हातात टॉर्च. मागून कोणाचं तरी पाऊल घासत येतंय...

तास गेले, त्याला पत्ता नाही.

आणि मग...

ट्रिंग.

विवेक दचकला. मग खूश झाला. जुन्या गेममध्ये हा आवाज नव्हता. नव्यात घातला असणार! कोणत्या तरी वॉर्डातला रोगी बोलावतोय.

ट्रिंग... ट्रिंग... ट्रिंग...

तो त्या रोग्याला शोधायला निघाला. गेममध्ये! एकेका वॉर्डात शिरला, एकेका पलंगावर टॉर्च मारला. सगळे रिकामे. आवाज मात्र अगदी जवळून, भिंतीपलीकडून यावा तसा.

त्यानं मलाजखंडच्या रजतला, आपल्या शाळेतल्या मित्राला, व्हॉइस मेसेजही टाकला, "आवाज काय भारी केला बे यायनं! वाटते आपल्याच घरात घंटी वाजून राह्यली."

हे आपणच बोललो, यावर त्याचा आजही विश्वास बसत नाही.

मग घंटी थांबली.

स्वतःला भूक लागली तेव्हा त्यानं हेडफोन काढले. ऊन कललं होतं. ओट्यावर पेजेचं पातेलं, तो गंज, झाकलेला, तसाच.

"माय?"

तुळसाबाईचा हात घंटीवर होता.

गार.

आता विवेकनं काय केलं ते ऐका. डॉक्टरला फोन करायच्या आधी तो स्वयंपाकघरात गेला. सगळी पेज मोरीत ओतली. गंज घासला, पालथा घातला. मग रडला.

डॉक्टरनं विचारलं, "आखिरी बार कब देखा था?"

"दोपहर को. पेज पिलाई थी."

डॉक्टर तिची बोटं घंटीवरून सोडवत होता. सुटत नव्हती. त्यानं मान वर करून विवेककडे पाहिलं.

"शरीर अकड़ गया है. ये तो सुबह ही चली गई थीं."

आई सकाळीच गेली...

मग दुपारी घंटी कोणी वाजवली?

खरं सांगायचं तर आधी विवेकला हायसं वाटलं. आई जिवंत असताना बोलावत नव्हती, म्हणजे आपण सुटलो. पुढच्याच क्षणी त्या हायसं वाटण्याचीच त्याला किळस आली. दिवसभर शेजारच्या खोलीत आई मरून पडली होती, आणि पोरानं एकदा जवळ जाऊन पाहिलं नव्हतं.

जलदानविधी झाला. पाहुणे पांगले. रजतचा फोन आला. "कोणती घंटी बे? म्या पूर्ण गेम संपवला. घंटी नाहीच त्यात."

त्या रविवारी दुपारी विवेकनं पुन्हा हेडफोन घातले. आईचा पलंग घंटीसकट आधीच देऊन टाकला होता.

तरी...

ट्रिंग... ट्रिंग... ट्रिंग...

त्याचा पांढराफटक चेहरा पाहून गीतानं हेडफोन काढून घेतले, स्वतःच्या कानाला लावले. बराच वेळ ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"माय आहे हे. भूक लागली का अशीच वाजवे, थांबेच नाही."

मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. "खरं सांगा. पेज पाजली होती का तुम्ही?"

"...नाही."

तिनं हेडफोन त्याच्या हातात ठेवले. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ती त्याला वेळेवर वाढते, पण 'जेवा' म्हणत नाही.

गेममधल्या शेवटच्या वॉर्डात आता एक पलंग रिकामा नाही. चादर ओढून कोणीतरी भिंतीकडे तोंड करून निजलंय. रजतच्या गेममध्ये तिथे कोणी नाही.

त्या पलंगापाशी उभं राहिलं की घंटी थांबते.

दोन पावलं मागे सरकलं की...

ट्रिंग.

म्हणून सुट्टीच्या दिवशी विवेक तिथेच उभा असतो. खेळत नाही. नुसता उभा.

रजत म्हणाला, "येडा झाला का बे? डिलीट करून टाक तो गेम."

विवेक म्हणाला, "मंग तिच्यापाशी कोण थांबन?"