उजवा रूळ

शिलाई मशीनच्या बॉबिनची एक कड कानशीने घासून काढली की छोट्या रुळावर चालणारं चाक तयार होतं, हे बद्रीनाथला दोन बॉबिनं वाया गेल्यावर कळलं. परतूरच्या बसस्टँडमागे तो ट्रकच्या बॉड्या रंगवायचा. तळहातावर मावेल अशी वस्तू त्याने आयुष्यात केली नव्हती.

ती करायला घेतली वडिलांसाठी, आबांसाठी. आबाराव रेल्वेत ट्रॉलीमन होते. लाईन तपासणारा साहेब ट्रॉलीच्या बाकावर छत्रीखाली बसायचा आणि मागून दोघं जण, एक डाव्या रुळावर, एक उजव्या, अनवाणी धावत ती ढकलायचे. खुबा मोडल्यापासून आबा खाटेवर होते, तरी घरामागून जाणाऱ्या मीटरगेजच्या गाडीवर त्यांचा दिवस चालायचा. मोठ्या लाईनसाठी ते रूळ उखडले, आणि आबांनी भिंतीकडे तोंड केलं. ताट आलं तसं परत जाऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही. पण असंच चाललं तर माणूस हातचा जाईल.

तशाच छोट्या ट्रॉलीचा सांगाडा समोर धरला त्या दिवशी आबा पहिल्यांदा वळले.

"ह्यो दांडा इतका उंच? तुझा बाप काय उंट व्हता का?"

"मंग किती ठेवू?"

"छातीला बराबर. अन् लाल रंग दे. ट्रकवाणी फुलंबिलं काढू नको."

त्या रात्री त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. सत्यशीला, बद्रीनाथची बायको, पदराने डोळे पुसत म्हणाली, "अहो, आता ह्ये काम जल्दी संपवू नका."

त्याने संपवलं नाही. सागवानी फळीवर बारीक स्लीपर बसवले, सायकलचे स्पोक ठोकून रूळ केले, बाजूंना गेरूचा रंग आणि वर चंदेरी हात दिला. ट्रॉली त्यावर ठेवून फळी आबांना दाखवायला नेली.

"उभी हाय ना ती? मंग खाली उतरव," आबा म्हणाले. "थांबली की रुळाच्या बाजूला. कायदाच हाय."

"आबा, शोभेची हाय ही. इथं कुठली गाडी येती?"

आबांनी उजव्या रुळाकडे बोट केलं. "ह्यो माझ्या जोडीदाराचा, धुळाजीचा; डावा माझा. गाडीखाली ऱ्हायला ना त्यो, उतरवता उतरवता. बाकीच्यांनी उड्या टाकल्या. मी त्या दिवशी रजेवर गेल्तो. एकट्याला न्हाई उचलत ती."

बद्रीनाथने फळी मागच्या पत्र्याच्या खोलीत नेली आणि ट्रॉली रुळावरच ठेवली. तिथेच ती छान दिसत होती.

सकाळी ट्रॉली फळीच्या दुसऱ्या टोकाला होती. उजव्या रुळाच्या ओल्या चंदेरी रंगावर पुसट ठिपके उठले होते, नखाएवढे, सारख्या अंतरावर. पाल असेल. त्याने पुन्हा हात दिला, फळी सपाट आहे का, ते लेव्हल लावून पाहिलं. बुडबुडा मधोमध होता. दार बाहेरून लावलं.

दुसऱ्या दिवशी तेच. पुन्हा उजवाच रूळ. लाल दांड्याचा रंगही उजव्या बाजूला दोन जागी झिजून लाकूड दिसत होतं. ट्रकच्या दारावर ड्रायव्हरच्या कोपराने रंग असा जायला वर्षं लागतात.

तो आबांना काहीच बोलला नाही. चहा देताना आबांनीच विचारलं, "एकटाच ढकलून राह्यला का धुळाजी?"

"काय?"

"दमंल तो." आणि ते भिंतीकडे वळले. ताट परत आलं.

बद्रीनाथला राग आला. कुणाचा, ते कळेना. त्याने एम-सील कालवलं आणि चारही चाकं रुळाला पक्की चिकटवली. वरून रुळांना चंदेरीचा ताजा हात दिला. आता हल म्हणावं.

दुपारपर्यंत सील दगडासारखं झालं. सत्यशीला दळण आणायला गेली होती. वीज नव्हती, पत्रा तापला होता. बद्रीनाथ खोलीत ब्रश धूत होता. डब्यातल्या रॉकेलवर बारीक वलयं उठली.

मग स्पोक वाजू लागले. अगदी हळू, लांबून गाडी येताना रुळाला कान लावावा तसे.

बाहेर रूळ नव्हतेच. जुने गेले होते, नवे अजून पडायचे होते.

"बद्री!" पुढच्या खोलीतून आबांचा आवाज आला. असा खणखणीत आवाज त्याने वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. "टाइम झाला! उतरव ती!"

त्याने ट्रॉली ओढली. हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली. स्पोकची थरथर त्याच्या दातांत उतरली.

"आबा, निघत न्हाई!"

"थांब, आलो!"

तो अंगणात धावला. स्कूटरच्या डिकीतून कानस काढली. परत आला.

थरथर थांबली होती.

ट्रॉली रुळाच्या बाजूला, फळीवर नीट आडवी ठेवलेली होती. सीलचे चार खडे रुळांना तसेच चिकटून होते, न तुटलेले. प्रत्येकात चाकाची खाच होती.

उजव्या रुळावर ठिपके होते. डाव्यावरही.

तो पुढच्या खोलीत गेला. आबा उताणे पडले होते. चेहरा निवांत होता. छाती हलत नव्हती.

"आबा."

चादर वर सरकलेली होती. दोन्ही तळव्यांच्या मधोमध, टाचेपासून बोटांपर्यंत, सायकलच्या स्पोकएवढी एकेक चंदेरी रेघ होती.

त्याने बोट लावलं. रंग ओला होता.